नाकोबाच्या भेटीला जननी

६ जानेवारी

देव आज टेम्पोने आला. पोलादपूर सोडल्यावर वळणांवर त्याचं नाक दोनदा दोरीतून सुटलं. मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. पण कुडपणला पोचेपर्यंत देवाला साधा ओरखडा नाही. फायबरचा आहे ते बरं.

पुढेमागे ही डायरी कुणी वाचली तर कळावं म्हणून नीट लिहितो. मोठे व्यवसाय असेच सुरू होतात आणि मग लोक जुन्या नोंदी शोधत बसतात. मी किशोर, कुडपणचाच. मुंबईत लग्नाचे सेट उभारायच्या कंपनीत होतो. गेल्या वर्षी एका हिरे व्यापाऱ्याला मुलीच्या लग्नात माया संस्कृती हवी होती. माया म्हणजे अमेरिका खंडाच्या मधल्या पट्ट्यातले जुने लोक. पायऱ्यापायऱ्यांचे उंच पिरॅमिड बांधायचे आणि माथ्यावर देव बसवायचे. तेव्हा मी त्यांच्या धर्माचा एवढा अभ्यास केला, की नवरदेवाच्या मामाला मीच पुजारी वाटलो. पुढे कंपनी बंद पडली. गोदाम रिकामं करताना मालक म्हणाले, हा घेऊन जा, कचऱ्यात टाकवत नाही. तो हा चाक. पावसाचा देव. हातात विजेची कुऱ्हाड, आणि नाक लांब, खाली येऊन पुन्हा वर वळलेलं.

आई ताट घेऊन दारात उभीच होती. मी काही बोलायच्या आत तिने देवाला कुंकू लावलं.

"गो बाय, सोंड केवढी! उजव्या सोंडेचा नाय ना रे? लय कडक असतो."

"आई, ते नाक आहे."

"नाक?" ती दोन पावलं मागे सरकली. मग पुढे येऊन तिने नाकालाही कुंकू लावलं.

आबा, म्हणजे माझे वडील, ओटीवर बसून बघत होते. "कंचा देव?"

"पावसाचा."

"आपल्याला पावसाची काय कमी हाय रे? चार म्हैनं ढगात बसून भाकर खातो आपण. नि तू पावसाचा देव घेऊन आलास."

माझा बेत पक्का आहे. घरामागच्या माळावर खडकाचा उंचवटा आहे, त्याला चिऱ्याच्या पायऱ्या बांधून पिरॅमिड करायचा, वर चाक, खाली तंबू. माया कृषी पर्यटन केंद्र, कुडपण. उद्घाटन शिमग्याला.

९ जानेवारी

चुलीपाशी बसून दोघांना मायांची सृष्टीची कथा सांगितली. देवांनी आधी मातीची माणसं केली, ती पाण्यात विरघळली. मग लाकडाची केली. ती चालायची, बोलायची, पण आत काळीज नव्हतं, देवाची आठवण नव्हती. तेव्हा त्यांच्याच घरातली मडकी आणि जाती उठली आणि त्यांना बडवू लागली. शेवटी मक्याच्या पिठाची माणसं केली, ती टिकली.

आबा म्हणाले, "ती मक्याची, तर आपण नाचणीची. म्हणून काळं." आणि हात धुवायला गेले.

आई मात्र लाकडाच्या माणसांपाशीच अडकली. "जात्यानं बडवलं त्यांना?"

"हो."

"ब्येस केलं," असं म्हणून तिने आबा गेले त्या दाराकडे पाहिलं. आईला लोककथांची एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं. पर्यटकांना गोष्टी सांगायला तिलाच बसवावी.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ यंदाही भिंतीवरून गेला.

ही भिंत आमच्या आणि भिकूकाकाच्या अंगणामधली. शिमग्यात गावदेवी जननीची पालखी घरोघर यायची. पालखी लहान, दांड्याला पुढे एक खांदा नि मागे एक. पुढच्या खांद्याचा मान आजोबांचा होता. आजोबा गेले आणि आबा म्हणाले, थोरला मी, मान माझा. काका म्हणाला, बापाने मरताना मला सांगितलंय. भर होळीपुढे दोघांनी पुढचा दांडा धरून ओढला, पालखी कलली, देवीचं चांदीचं रूप कुशाबा गुरवाने पदरात झेलावं तसं धोतरात झेललं. तेव्हापासून गावाने ठरवलं, हे दोन भाऊ एक होईस्तोवर पालखी देवळाबाहेर काढायची नाही. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि मध्ये भिंत घातली. गाव दोघांवरही चिडून आहे.

आई आणि ठकूकाकीचं मात्र भिंतीवरून सगळं चालू असतं. तिळगूळ जातो, लोणचं येतं, उकडलेलं रताळं जातं.

दर शिमग्याला आई अंगण सारवते, रांगोळी काढते, नारळ, तांदूळ, खण घेऊन ओटीचं ताट भरते. दुपार कलली की ताट देव्हाऱ्यात नेऊन ठेवते. पालखी येणार नाही हे तिला माहीत असतं. मी एकदा विचारलं, मग सारवतेस कशाला? म्हणाली, "आली नि अंगण उखणलेलं असलं, तर?" आज तिळगूळ घेताना तिचे हात बघितले आणि मला फार वाईट वाटलं. पण यात मी काय करणार? माझ्यामागे प्रकल्प आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. माझा विषय शेवटी घेतला. पावसाचा देव बसवायला गावाचा सक्त विरोध. एक म्हातारे म्हणाले, आधीच कड्याखाली जीव मुठीत धरून राहतो, त्यात हा कुऱ्हाडवाला कशाला? मी समजावलं की माया देव चारी दिशांना असतात, पूर्वेचा तांबडा, उत्तरेचा पांढरा, पश्चिमेचा काळा, दक्षिणेचा पिवळा. म्हणजे चार नाकं येणार, असं समजून विरोध आणखी वाढला.

शेवटी कुशाबा गुरवाने तोड काढली. "त्याचं तोंड पूर्वंला करा. घाटावर. त्यांना पाऊस कमीच पडतो. पडू दे तिकडं." सगळ्यांना पटलं. पश्चिमेच्या टोकाला देव बसवायचा, तोंड सातारा जिल्ह्याकडे. गावात आता त्याला नाकोबाच म्हणतात. चाक म्हटलं की लोक विचारतात, मागचं का पुढचं.

पण एक मेख राहिली. नवा देव सीमेत बसणार तर जननीचा कौल पाहिजे.

३० जानेवारी

कौल झाला. कुशाबाने देवीच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेल्या फुलांच्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: परमुलखातला पाहुणा आलाय, त्याला जागा देऊ का? उजवी कळी पडली. म्हणजे होकार. मी टाळी वाजवली, ती वाजवायची नसते.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ठकूकाकीचा आवाज आला. "पण पाहुणा यजमानाला भेटल्याबिगर बसंल कसा?"

कुशाबा म्हणाला, आणा त्याला देवळात. मी सांगितलं, दार बुटकं आहे, नाक आत जाणार नाही.

"मग," आई म्हणाली, "आपल्या आईलाच जायाला होवं त्याच्याकडं."

देवी जाणार म्हणजे पालखी निघणार. कुशाबाने पुन्हा कळ्या लावल्या. पुन्हा उजवी. काकी उगीच मध्ये तोंड घालते. उद्घाटनाला पालखीची भानगड मला नको होती.

८ फेब्रुवारी

जानू गवंडी कामाला लागला. महाडहून चिऱ्याचा टेम्पो आला. बाजारातून राळही आणली. माया लोक कोपलचा धूप जाळायचे, इथे राळेवर भागवायचं.

दुपारी आई आणि काकी चिरे बघायला आल्या. मी म्हटलं, धर्माची माहिती द्यावी. माया राजे-राणी जिभेला भोक पाडून त्यातून दोरी ओढायचे, रक्त देवाला द्यायचे. मग देव बोलायचे.

काकीने विचारलं, "नि राजा?"

"राजाचं काय?"

"तो मग बोलायचा कसा?"

आई म्हणाली, "आपल्या दोन राजांच्या जिभा दोरी न ओढताच बसल्यात, गो." दोघी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या. धर्माच्या अभ्यासाला हे लोक तयार नाहीत.

संध्याकाळी दोघी देऊळ झाडायला गेल्या. परत येताना आईच्या हातात सुंभाची दोरी होती, दोन ठिकाणी पिवळी चिंधी बांधलेली. देऊळ झाडायला दोरी कशाला लागते, विचारलं, तर म्हणाली, "लागते."

१७ फेब्रुवारी

आज आईशी भांडलो.

माया पिरॅमिडला चार बाजूंना चार जिने असतात. मी तसा नकाशा काढला होता. मी महाडला गेलो तेवढ्यात आईने जानूला सांगून पूर्वेचा एकच जिना बांधून घेतला. म्हणे, "घराला किती जिने असतात रे? चढायचं तिथनंच उतरायचं."

माथ्याचं तर विचारू नये. माथा चौरस हवा. आई दोरी घेऊन वर चढली. लांबीला एका चिंधीपासून दुसऱ्या चिंधीपर्यंत दोरी ताणली, वर दोन पावलं सोडली. रुंदीला स्वतः उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "हितनं हितवर. बास." बाकीचा खडक जानूने उतरता तासून टाकला. आता माझ्या पिरॅमिडचा माथा चिंचोळा झालाय, एखाद्या फळीसारखा. पश्चिम टोकाला नाकोबा बसला की वर एका ओळीत उभं राहावं लागेल.

"आई, एवढ्याशा जागेत लोक वळणार कसे?"

"पापड वाळत घालाय पुरंसं हाय."

घरचं माणूस प्रकल्पात घेऊ नये असं म्हणतात ते खरं आहे. गोठ्यामागे अजून अर्धा टेम्पो चिरा पडलाय, आणि जानू म्हणतो चिरा संपला!

२२ फेब्रुवारी

पर्यटकांसाठी विधी बसवतोय. माया लोक पाऊस मागताना वेदीच्या चार कोपऱ्यांना चौघांना बसवून बेडकासारखं ओरडायला लावायचे. बेडूक हे चाकचे भालदार. चहा-कांदेपोह्यांवर चार म्हातारे तयार झाले, त्यात भिकूकाका. बाकी तिघांचा आवाज दम्यासारखा येतो. काकाचा मात्र अस्सल. माळावरची गुरं मान वर करून बघायला लागली.

घरी आलो तर आबा गोठ्यात हातात पेंढा धरून तसेच उभे होते.

"ऐकलंत का आबा? कसला ओरडतो काका!"

"त्याला पैल्यापासनं येतंय," आबा म्हणाले. "वरच्या खाचरात बसून काढायचा. मी डराव म्हटलं की तो टर्र करायचा. बाप काठी घेऊन बेडूक हुडकत फिरायचा." मग म्हशीपुढे पेंढा टाकून ओटीवर जाऊन बसले. मला भरून आलं. आत गेल्यावर लक्षात आलं, विधीत पाचवा बेडूक चालत नाही. नाहीतर आबांना घेतलं असतं.

२ मार्च

पुढचा खांदा कुणाचा, यावर पुन्हा कौल. कुशाबाने कळ्या लावल्या. डावी पडली नाही, उजवी पडली नाही. लोक बसून कंटाळले. शेवटी कुशाबा म्हणाला, "आई म्हणते, तुमचं तुमी बघा. मला मधी घेऊ नका."

मग सगळे माझ्याकडे वळले. पाहुण्या देवाच्या घरी जायचं, तर त्याच्या धर्मात मानाचं काय? मी मोबाईल चाळला, पण देवळात रेंज नाही. मी मोघम म्हणालो, चार दिशांचे चार देव सारख्याच मानाचे, पुढचा-मागचा असा नाही. आबा म्हणाले, ते त्यांच्यात असंल. काका भिंतीकडे बघून म्हणाला, आमच्यात नाय.

आणि संध्याकाळी अघटित घडलं. काकाने निरोप पाठवला: चढताना मी पाठचा खांदा घेतो. एवढी वर्षं अडून बसलेला माणूस! कसा तयार झाला देव जाणे. दुपारी काकी त्याला माझ्या पिरॅमिडवर घेऊन गेली होती, एवढंच मी पाहिलं. वर दोघं उभी होती, काकी हाताने काहीतरी दाखवत होती, आणि काका हसत होता. नाकोबा लोकांवर परिणाम करतो हे नक्की. माहितीपत्रकात टाकायला हरकत नाही.

आबांचा ऊर मात्र भरून आलाय. ओटीवर बसून मिशीला तेल लावत होते.

१३ मार्च

होळी लागली. पुण्याहून पाचजण आले. पैकी दोघांनी नाकोबाला बघून विचारलं, हा गणपती नवसाला पावतो का? आई "हो" म्हणाली.

अंगण आईने दोनदा सारवलं.

१५ मार्च

काल झालं ते नीट लिहायला हवं. मनासारखं काहीच झालं नाही, तरी लिहितो.

खालूबाजा वाजत होता. अख्खं गाव, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे माळावर. देवळातून पालखी निघाली, पुढे आबा, मागे काका. आबांची मान अशी ताठ, की मला वाटलं फेटा मागे पडतोय. पूर्वेच्या जिन्याने चढायला लागले. पुढच्याला पायरी दिसते, मागच्याला पालखीच्या आडून दिसत नाही. तिसऱ्या पायरीला काकाचा पाय अडखळला. आबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण हवेत म्हणाल्यासारखं म्हणाले, "पायरी." पुढच्या पायरीला पुन्हा, "पायरी." कुणाचं नाव न घेता माथ्यापर्यंत तसंच म्हणत गेले.

वर जननी आणि नाकोबा समोरासमोर आले. कुशाबाने राळ टाकली, नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं: पाहुण्या, ऱ्हा सुखानं, पण पाऊस घाटावर पाड. चारही बेडकांनी ओरडायचं होतं, पण चौथा पालखीखाली असल्यामुळे तिघांनीच ओरडून घेतलं.

मग आबा म्हणाले, "फिरवा."

पालखी फिरेना. दांडा माथ्याच्या लांबीत बरोब्बर मावलेला, आणि रुंदीला जेमतेम एक माणूस. आडवा केला तर दोघेही भाऊ दोन्ही अंगांनी हवेत. पुढे नाकोबा, त्याच्यापलीकडे जिना नाही. मी खालून बघत होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्याच्या माणसांसमोर माझा पिरॅमिड असा फसला!

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. "फिरवू नगा! आईचा दांडा वाऱ्यावर जाईल. हाय तशी उतरवा!"

हाय तशी उतरवायची म्हणजे मागचा पुढे होणार. आबांना ते कळलं. त्यांनी खाली बघितलं, आईकडे. आई ओटीचं ताट घेऊन उभी होती, शेजारी काकी. खालूबाजावाला वाजवायचा थांबला. मला वाटलं, आता दांडा टाकतात. मग त्यांनी दांड्याखालून मान काढली, स्वतः वळले, दुसरा खांदा दिला. पलीकडे काकाही वळला.

आता काका पुढे, आबा मागे. आबांना पायरी दिसेना. पहिल्या पायरीवर ते पाय चाचपत उभे राहिले.

"दादा," काका म्हणाला, "पायरी हाय."

आबांनी पाय टाकला.

"दादा, ही उंच हाय."

"व्हय," आबा म्हणाले.

माझ्या शेजारची काकी रडत होती आणि आई तिला, आता बघ, नीट बघ, असं दटावत होती. शेवटच्या पायरीपर्यंत काका "दादा, पायरी" म्हणत होता आणि आबा "व्हय रे, व्हय रे" म्हणत होते. पायऱ्या संपल्या तरी दोघं माळावर तसंच म्हणत चालले होते.

पालखी आमच्या अंगणात आली, काका पुढे. आईने पालखी आणणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं असतं. तिने आधी काकाच्या पायांवर घातलं.

"वयनी, गार हाय."

"सा वर्सं भरून ठेवलंय, भावजी. गार व्हनारच."

तिने देवीची ओटी भरली. मी इतका रडलो, की पुण्याच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली. मला वाटतं राळेचा धूर होता, पण आनंदही होता.

नंतर पालखी काकाच्या अंगणात न्यायची होती. आमचं अंगण चांगलं मोठं आहे. पालखी फिरवायला भरपूर जागा होती. तरी कुणी फिरवली नाही. दोघं भाऊ पुन्हा आपापल्या जागी वळले आणि काकाच्या अंगणात आबा पुढे होऊन शिरले. काकीने त्यांच्या पायांवर पाणी घातलं. कुशाबाने तिथेच जाहीर केलं, हाच रिवाज: ज्याच्या दारात पालखी, त्याचा खांदा मागे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी बरोबर ठिकाणी.

१९ मार्च

उद्या महाडात चवदार तळ्यावर मोठी गर्दी, एसटी भरून चालल्यात; म्हणून चिऱ्याचं सांगायला आजच जाऊन आलो. पुण्याच्या लोकांनी चांगला अभिप्राय लिहिलाय, पण त्यात माया संस्कृतीचं नाव नाही. नाचणीच्या भाकरीचं आहे.

काका आणि आबा मिळून भिंत काढतायत. निघालेला चिरा मला देतो म्हणाले. मी आबांची माफी मागितली, की माझ्या चुकीने ऐन वेळी माथा अपुरा पडला. पुढच्या वर्षी चौरस करतो, चार जिने लावतो, पालखी डौलात फिरेल.

आबा म्हणाले, "हाय तेवढाच ठेव." काका म्हणाला, "बोटभर वाढवलास तर बघ."

तरी मोजमाप घ्यावं म्हणून आईची ती सुंभाची दोरी काढायला गेलो. ती आता देव्हाऱ्यात असते. दोन्ही चिंध्यांना हळदकुंकू लावलेलं, वर फूल. मी हात लावला तर आई आणि भिंतीच्या भगदाडातून काकी, दोघी एकदमच ओरडल्या.

साध्या दोरीला देव्हाऱ्यात ठेवतात. आणि मी यांना धर्म समजावत होतो.